अक्कलदाढ आणि आदगोंडा अण्णा

आमच्या गल्लीतलं कुणी मिरजेला दाढ काढायला निघालं, की त्या माणसाच्या आधी आदगोंडा अण्णा तयार होऊन बसत. दाढ कुणाची का असेना. धुतलेलं धोतर, कडक टोपी, काखेत छत्री आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत एक चादर, दोन पंचे आणि गार दुधाचा थर्मास. पेशंटचा अजून पत्ता नसायचा आणि अण्णा ओट्यावरून ओरडत असायचे, "उरका की लवकर! डाक्टर काय तुमच्या दारात येणार हाय व्हय?"

खुद्द अण्णांचे दात साठीतही शाबूत होते. ऊस दातांनीच सोलून खायचे. डॉक्टरांच्या खुर्चीवर ते जन्मात कधी बसले नव्हते. पण गुंगीचं इंजेक्शन म्हणजे काय, ते दिल्यावर माणसाचं काय होतं, घरी कसं आणायचं, काय खायला घालायचं, यावर त्यांच्याइतकं बोलणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. विचारायचीही गरज नसे. गाल धरून त्यांच्या दारावरून गेलं तरी पुरे.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची. मी मूळचा रहिमतपूरचा. बँकेच्या नोकरीसाठी सांगलीत आलो आणि अण्णांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. एकटा जीव सदाशिव. अण्णा जैन, धंदा हळदीचा. घरात ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण, जिला सगळे अक्का म्हणत. अण्णांची बायको फार पूर्वी वारली होती. बँकेतला म्हणून ते मला 'सायेब' म्हणत. वयानं मी त्यांच्या निम्माही नव्हतो, पण सायेब म्हटलं की त्यांना मला दरडावणं सोपं जायचं.

त्या हिवाळ्यात माझी अक्कलदाढ उठली. आडवी उगवली होती, बाहेर यायला जागाच नव्हती. तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना. डॉक्टर म्हणाले, हाड थोडं कोरावं लागेल, गुंगीचं इंजेक्शन देऊ. ते ऐकल्यावर माझी पाचावर धारण बसली. दुखण्याची भीती नव्हती. मी लहान असताना माझ्या वडिलांना, आबांना, साताऱ्याला दवाखान्यात नेलं होतं. "झोपेचं औषध देतील, उठले की बरे," असं मला सांगितलं होतं. आबा उठलेच नाहीत. तेव्हापासून शुद्ध जाण्याची मला इतकी धास्ती, की रात्री खोलीत दिवा ठेवून झोपायचो. आपण त्या खुर्चीत झोपू आणि पुन्हा जागे होणार नाही, हे माझ्या मनानं पक्कं धरलं होतं. पण बँकेत नोकरी करणाऱ्या माणसानं हे कुणाला सांगायचं?

म्हणून अण्णांना चुकवून मी एकटाच मिरजेला गेलो. डॉक्टरांनी सकाळपासून काही खायचं नाही असं बजावलं होतं. ते मी अगदी कसोशीनं पाळलं. सकाळी खानावळीत जेवलो नाही. फक्त साबुदाण्याची खिचडी, दोन केळी आणि शेंगदाण्याचा लाडू. फराळ म्हणजे खाणं असं आमच्या घरात कधी कुणी मानलंच नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी अभिमानानं सगळं सांगितलं. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. गुंगीत उलटी झाली तर श्वासात अडकेल म्हणाले. आणि सोबत कोण आहे, हेही विचारलं. कोणी नव्हतं. त्यांनी मला आल्या पावली परत पाठवलं.

गल्लीत शिरलो तर अण्णा ओट्यावर कमरेवर हात ठेवून उभे.

"शाबू खाऊन गेलासा?"

बातमी माझ्या आधी कशी पोचली ते देवाला ठाऊक. मी मान हलवली.

"आवं, ह्याला उपास म्हंत्यात? तुमच्या उपासाला रोजच्यापरास जास्त लागतंय! आमच्याकडं या शिकायला. उपास म्हंजे पाणी सुदीक न्हाई." मग माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "भ्यालासा?"

मी 'नाही' म्हणालो. अण्णा माझ्या शेजारी टेकले.

"हरिपूरला आमची पेवं बघितल्यासा न्हवं?"

पाहिली होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं हळदीचं कोठार. वरून तोंड एवढंसं, आत खोलीएवढी पोकळी. उघडलं की लगेच कुणी उतरत नाही, आतली हवा वाईट असते. आधी वारं खेळू देतात, मग दोराला कंदील सोडून बघतात, आणि मगच माणूस उतरतो.

"गुंगी म्हंजे पेव. दुसरं काय बी न्हाई. आधी हात जड, मग जीभ जड, मग तुमी खाली. वरचं बोलणं ऐकू येतंय, पर लांबनं. खाली भ्या वाटत न्हाई, भ्या सगळं काठावर. आन् वर दोर धरून माणूस बसलेला असतोय. त्यो बोलत ऱ्हातो. खालचा वर आल्याबिगर वरचा हालत न्हाई. आमच्या धंद्यात हालला तर त्याला कोण उभं करत न्हाई."

"आणि वरचा माणूस कोण?" मी विचारलं.

"म्हंजे? मी हाय की!" अण्णा चिडलेच.

दुसऱ्या खेपेला आम्ही दोघं गेलो. अण्णांनी मला पाण्याचा थेंब घेऊ दिला नाही आणि स्वतःही घेतला नाही. उपाशी माणसासमोर घास उतरत नाही म्हणाले. बसमध्ये त्यांनी मला पुढच्या सूचना दिल्या. चूळ जोरात भरायची नाही, गरम काही नाही, कापसाचा बोळा दाबून धरायचा, आणि दिवसभर कुणाला शब्द द्यायचा नाही. आमच्या गल्लीतल्या दत्तोबा शिंप्यानं गुंगीत परत येताना अख्ख्या बसला रविवारी जेवायला बोलावलं होतं. दत्तोबाला काही आठवत नव्हतं. बसला आठवत होतं. रविवारी लोक पोराबाळांसकट आले. त्यामुळे अण्णांनी आधीच माझ्या मॅनेजरना गाठून, दोन दिवस सायेबांची सही कुठं घेऊ नका, असं सांगून ठेवलं होतं.

मी खुर्चीत बसलो. दंडाला रबरी नळी आवळली, सुई टोचली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू पेंग येईल, हाक मारली तर ओ द्या. पडद्याबाहेरून अण्णांचा आवाज आला, "सायेब, उतरलासा का?"

"अण्णा, जरा शांत बसा," डॉक्टर म्हणाले.

"बसलोय की. तुमी तुमचं काम करा."

हात जड झाला. जीभ जड झाली. अण्णा म्हणाले होते अगदी तसंच. मग कुणाच्या तरी जबड्यात कुणीतरी ठोकाठोकी करत होतं आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. लांबून कुणीतरी हळदीबद्दल बोलत होतं. ओली हळद, शिजवलेली हळद, पॉलिश केलेली हळद. डॉक्टर बहुधा हसत होते. नंतरचं काही आठवत नाही. दवाखान्याचा जिना आठवत नाही, बस आठवत नाही.

जागा झालो तेव्हा दिवे लागले होते. मी अण्णांच्या माजघरात, अण्णांच्या चादरीवर होतो. गाल भोपळ्यासारखा सुजलेला, पण मी जिवंत होतो! इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं. अण्णा शेजारी भिंतीला टेकून बसले होते. मी डोळे उघडलेले पाहून त्यांनी आपला हात माझ्या मुठीतून सोडवून घेतला, बोटं झटकली, आणि "आलासा वर," एवढंच म्हणून अंगणात निघून गेले.

अक्का दूध घेऊन आल्या. स्वयंपाकघरात झाकलेलं ताट मला दिसत होतं.

"अण्णा जेवायचेत ना अजून?" मी कसंबसं विचारलं.

"आता कुठलं जेवतोय? दिवस मावळला की आमच्यात जेवत न्हाईत. पाणी बी न्हाई. आता उद्या."

"मग आधी का नाही जेवले?"

"तुमी हात सोडीनासा." अक्का तिथंच टेकल्या. "मी ताट वाढून तीनदा हाक मारली. त्यो उठाय लागला की तुमी हात घट्ट धरून म्हणायचासा, 'आबा, जाऊ नगा.' आबा कोण तुमचं?"

"वडील."

अक्कांनी दूध माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "त्याला पोरबाळ झालं न्हाई. अण्णा समदं गाव म्हणतंय. थोरला भाऊ म्हणून. आबा म्हणणारं कोण हाय त्याला? मग कुठला उठतोय त्यो."

त्या रात्री मी दिवा न ठेवता झोपलो. पलीकडे अंधारात उपाशी पोटी पडलेल्या त्या माणसाबद्दल माझं मन इतकं भरून आलं होतं की दाढेची ठणक जाणवलीच नाही. माझी पुढची सगळी आयुष्यभराची झोप त्यांनी मला त्या एका दिवसात मिळवून दिली.

सकाळी अंगणात ऊन आल्यावर अक्कांनी अण्णांना ताट वाढलं. मी जाऊन समोर बसलो. अण्णांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं.

"बघताय काय, सायेब? तुमाला भाकरी आठ दिस न्हाई."

माझा जबडा नीट उघडत नव्हता, पण डोकं ठिकाणावर होतं. गुंगी पार उतरली होती.

"आबा," मी म्हणालो, "तुम्ही खा."

अण्णांचा हात भाकरीवरच थांबला. मग एकदम अक्कांवर खेकसले, "अक्का, बसलीयास काय बघत? पोराला गार दूध दे की!"