रायाजी नाईकांनी गोदी वाढविली त्याचा वृत्तांत

श्रीसागरेश्वर प्रसन्न. ज्याच्या कृपेने लाकूड तरते आणि माणूस पैलतीर पाहतो त्यास नमन करून, शके सोळाशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरी, एका राज्यात वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. राज्य लहान, डोंगर आणि समुद्र यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले, परंतु त्याची गलबते दूरदेशी नावाजलेली. खाडीच्या मुखाशी सरकारची गोदी होती आणि तिचा कारभार रायाजी नाईक यांजकडे होता. नाईक अंगाने थोराड, बोलणे थोडके, आणि गोदीतील हर एक सुताराचे, लोहाराचे, त्यांच्या लेकरांचे नाव तोंडपाठ. गोदीची रीत ऐसी की गलबत पाण्यात लोटले म्हणजे ते बांधणाऱ्या सुताराने आपल्या बायकामुलांसह त्यात बसून खाडीबाहेर पहिली फेरी मारावी, मग ते घेणाऱ्याच्या हवाली करावे. ही रीत नाईकांच्या वडिलांनी घातली, आणि तिच्यामुळे त्या गोदीचे गलबत डोळे मिटून घ्यावे ऐसा लौकिक जाहला.

तो लौकिक ऐकून उत्तरेकडील एका थोर राजाने वकील पाठविला आणि आपल्या आरमाराकरिता शंभर गलबते दोन वर्षांत मागितली. महाराज बहुत संतोष पावले आणि भर दरबारात शब्द देऊन बसले. मग त्यांनी नाईकांस बोलावून मनसुबा विचारिला. नाईकांनी अर्ज केला की इतकी गलबते इतक्यात होणार नाहीत, नवा माणूस जुन्याच्या जोडीला वर्षभर रुळतो तेव्हा गोदीचा होतो, म्हणोन जितकी जुनी माणसे तितकीच नवी घेता येतील. त्रिंबकपंत दिवाण हसले आणि म्हणाले की नाईकांस गोदी आपल्या घरासारखी वाटते, घरात पाहुणे फार झाले म्हणजे ते घाबरतात. महाराजांस दिला शब्द फिरविणे नामुष्कीचे वाटले आणि भरतीचा हुकूम सुटला. नाईकांनी मुजरा करून हुकूम शिरी धरिला, परंतु घरी जाऊन जेवले नाहीत.

मग घाटावरून आणि किनाऱ्यावरून माणसांचे तांडे आले आणि पाहता पाहता गोदी चौपट जाहली. एकाने फळी तासावी, दुसऱ्याने ती ठोकावी, तिसऱ्याने सांध्यात काथ्या कोंबावा, आणि हे गलबत कोणाचे म्हणोन विचारिले तर कोणासच सांगता येऊ नये. जुनी माणसे नव्यांस शिकवू लागली तर दिवाणांचे मुकादम खोळंबा होतो म्हणोन ओरडत. नाईक सकाळी फिरताना अनोळखी चेहऱ्यांस नाव विचारीत आणि दुपारपर्यंत ते विसरत, आणि आपल्याच गोदीत आपण परके झालो ऐसे त्यांस वाटे.

ऐसे करता पहिली वीस गलबते उभी राहिली आणि मुहूर्ताचा दिवस आला. किनाऱ्यावर मांडव पडला, महाराज आले, परराज्याचा वकील आला, चौघडा झडू लागला आणि पहिले गलबत पाण्यात लोटिले. त्यावरचा सुतार भानजी नावाचा, घाटावरून नवा आलेला. त्यास रीतीप्रमाणे सहकुटुंब आत बसावयास सांगितले. भानजी बायकोजवळ उभा होता, धाकट्या मुलीचा हात त्याने धरिला होता, आणि तो जागचा हलेना. मुकादम खेकसला, तेव्हा तो नाईकांकडे पाहून म्हणाला, "नाईक, मी बसणार नाही. फळ्या मी ठोकल्या, पण सांधे कोणी भरले मला ठाऊक नाही. सगळे घाईत झाले आहे. माझी पोर मी यात घालणार नाही."

चौघडा थांबला. दिवाणांनी त्यास धरून चाबूक लावण्याचा हुकूम दिला आणि शिपाई पुढे सरले. नाईकांची मान क्षणभर शरमेने खाली गेली, आणि मग काय जाहले कोण जाणे, त्यांस छाती भरून आल्यासारखे वाटले. ते शिपायांच्या आडवे उभे राहिले आणि बोलिले, "पंत, याला हात लावू नये. इतकी माणसे भरली, त्यांत गोदीचा माणूस मला आज हा सापडला."

महाराजांचा चेहरा लाल जाहला. ते म्हणाले, "नाईक, परक्यांसमोर आमचा शब्द खाली पडतो आहे." नाईकांनी हात जोडले आणि म्हणाले, "पडू द्यावा महाराज. शब्द पुन्हा उचलता येईल. हे गलबत भर समुद्रात बुडाले तर आतली माणसे कोठून उचलावी?"

महाराजांनी एक सांधा उकलावयास सांगितला, तेव्हा आत काथ्या कोरडा, पाणी अडविणाऱ्या राळेचा थेंब नाही. मग ते स्वतः वकिलास म्हणाले की आपल्या धन्यास सांगावे, गलबते मिळतील ती आमच्या चालीने मिळतील, मान्य नसेल तर आमचा राग नाही. वकील मांडवातून उठून निघून गेला, आणि हाता आलेला मान गेला ऐसे सगळ्या राज्यास वाटले.

दिवाणांनी नवी माणसे काढून टाकावी ऐसे सुचविले. नाईक म्हणाले की ती गाव सोडून आपल्या बोलावण्यावर आली, त्यांस हाकलणे राज्यास शोभणार नाही. महाराजांस ते पटले. मग जुन्या प्रत्येक हाताजवळ एक नवा हात दिला आणि वीसही गलबते उकलून पुन्हा बांधावयास घेतली, आणि बाकीच्यांस बंदराच्या धक्क्याचे काम दिले, तेथून पाळीपाळीने ते गोदीत शिकू लागले. दिवाणही पुढे मुकादमांस ओरडू देईनासे झाले. आणि हिवाळ्यात तोच वकील परत आला आणि म्हणाला की जी गोदी पाहुण्यांसमोर आपले गलबत नाकारते तिचेच गलबत आमच्या धन्यास पाहिजे, उशीर झाला तरी चालेल.

कित्येक वर्षांनी मागणी मावेना तेव्हा दक्षिणेच्या खाडीत दुसरी गोदी घातली. अर्धी माणसे जुनी पाठविली, अर्धी तेथली घेतली, आणि मुख्य केला भानजी सुतार. नाईकांनी त्यात बोट घातले नाही. म्हातारपणी एकदा ते तेथे न कळविता गेले आणि एका नव्या गलबताच्या फळ्यांवरून हात फिरवू लागले. दोर वळणारी लाडूबाई नावाची बाई धावत आली आणि म्हणाली, "आजोबा, हे अजून द्यायचे नाही. सुतार बसेल, त्याची माणसे बसतील, आणि दोर माझे आहेत, तर मीही बसेन. मग न्या." नाईकांनी विचारिले की दोरवालीने बसावे ही रीत कोणी घातली. ती म्हणाली, "आम्हीच घातली. दोर तुटला तर सुतार काय करील?"

ही रीत नाईकांस ठाऊक नव्हती. ते आपले नाव न सांगता किनाऱ्यावर बसून राहिले आणि ती बाई पोराबाळांसह फेरी मारून परत येईतो उठले नाहीत. घरी आल्यावर मात्र भेटेल त्यास ते सांगत सुटले की तिकडची गोदी आपल्या गोदीहून सरस आहे.

एवंच एका गोदीच्या दोन जाहल्या, पुढे पाच जाहल्या, आणि पाचही ठिकाणी बांधणारा पहिला बसतो. ज्यांनी पाहिले त्यांच्या तोंडून ऐकिले तैसे लिहिले. अधिक जोडले नाही, उणे केले नाही.