बर्फावरोन होडीने सुईण आणिली त्याची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न असो, आणि लिहिणाराचे डोके धडावर राहो. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुख नाम संवत्सरे, डोंगरमाथ्याचे एका राज्यी वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. त्या दौलतीत वहिवाट ऐसी की पाडव्यास दरबार भरावा आणि गतसाली जे अरिष्ट आले त्याचीच तरतूद व्हावी. गतसाली नदीस पूर आला होता, म्हणोन होड्या घेतल्या आणि नावाडी ठेविले. तेव्हा महाराज बोलिले, "पणजोबांचे वेळी बर्फ पडोन शहर कोंडले होते म्हणतात. थोडी फावडी घ्यावी काय?" कारभारी त्रिंबकपंत बोलिले, "सरकार, शंभर वर्षांत एकदा येणारा पाहुणा. त्याजसाठी रोज पाट मांडोन कोण बसतो?" महाराज हसले, म्हणोन दरबारही हसला. मग पौषात बर्फ पडिला तो कमरेइतका, आणि रस्ते बुजले, आणि त्याच दिवशी महाराजांच्या कन्या उमाबाईसाहेब बाळंतपणात अडल्या. सुईण येसाक्का राहे नदीकाठचे पेठेत. तिला आणावयास पालखी निघाली ती रुतली, घोडा रुतला, आणि मागोमाग त्रिंबकपंतही रुतले. मग नावाडियांनी होडी बर्फावर घातली, दोर खांद्यास घेतले आणि येसाक्कास आत बसवोन वाड्यापर्यंत ओढीत आणिले. ती उतरताच म्हणाली, "पाणी तापवा, आन् ह्या बाप्यांना भाईर काढा." नातू जाहला, मायलेकरे सुखरूप राहिली, आणि महाराज सर्वांदेखत रडले.

पाडव्यास दरबार भरला आणि त्रिंबकपंतांनी बर्फाची ऐसी तरतूद केली की कोठार फावड्यांनी भरले, आणि पैका कमी पडला म्हणोन होड्या विकल्या. येसाक्का लुगड्याचोळीचा मान घ्यावयास आली होती. ती बोलिली, "पंत, होड्या ऱ्हाऊ द्या की. आमची पेठ पाण्यात जाती." पंत बोलिले, "आक्का, गतसाली पूर कोठे होता?" मग श्रावणात नदी चढली, आणि दरबाराने तातडीने सारी फावडी पेठेस धाडिली. येसाक्का छपरावर बसोन वाट पाहात होती, ती छपरासहित वाहोन गेली. उमाबाईसाहेबांनी तीन दिवस अन्न वर्ज्य केले आणि पंतांचे तोंड पुन्हा पाहिले नाही.

पुढील पाडव्यास नव्या होड्या आल्या, थोरलीस येसाक्काचे नाव दिले, आणि त्या साली पाऊसच पडिला नाही. होडी चौकात कोरडी उभी असे आणि उमाबाईसाहेबांचा मुलगा तीत बसोन खेळे. सारांश, त्या दरबाराने एकही अरिष्ट तरतुदीवाचोन सोडिले नाही. फक्त ते आधी येऊन जाऊ दिले.