पोलादी मुठीचा हजेरीपट

शनिवारी संध्याकाळी सात वाजता साहेबांनी हेडफोन कानाला लावून हजेरी घ्यायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याच नावाला 'हजर' आलं नाही. ते नाव उपसेनापतीचं होतं. साहेबांनी तीनदा पुकारलं. शेवटी पलीकडून कोणीतरी खाकरलं.

"साहेब, तो गेला."

"गेला म्हणजे?"

"म्हणजे सोडून गेला. दुपारीच."

"फॉर्म न भरता?"

तोच आवाज म्हणाला, "हो साहेब. फॉर्म न भरता."

उपसेनापती गेल्याचं दुःख साहेब पचवू शकले असते. फॉर्म न भरता गेल्याचं पचेना.

साहेब म्हणजे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यातले हजेरी-कारकून. बावीस वर्षं फाटकाजवळच्या खोपटात बसून कोण किती मिनिटं उशिरा आला ते लिहिण्यात त्यांची उमेद गेली होती. कामगार तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठ फिरली की 'लेटमार्क'. बढत्या यायच्या, साहेबांच्या टेबलाला वळसा घालून पुढे जायच्या. सगळ्या जगात त्यांचं नाव ठळक अक्षरात फक्त एकाच ठिकाणी होतं, जेवणाच्या डब्यावर. तेही डबा हरवू नये म्हणून.

पण रोज संध्याकाळी सात ते आठ या वेळात ते सेनापती असत. एका ऑनलाइन खेळात त्यांनी 'पोलादी मूठ' नावाचं गिल्ड काढलं होतं. गिल्ड म्हणजे खेळणाऱ्यांची टोळी. सगळ्यांनी मिळून लढाया मारायच्या, मुलूख जिंकायचा. सहा वर्षं खपून साहेबांनी अडतीस माणसं जमवली होती आणि डोंगरावरचा एक किल्ला घेतला होता. किल्ल्याच्या काळ्या दरवाज्यावर सोनेरी अक्षरात 'सेनापती' असं झळकायचं. ते बघायला साहेब कधी कधी लढाई नसतानाही जाऊन यायचे.

किल्ला राखायची अट एकच. दर रविवारी संध्याकाळी सहाला गिल्डची वीस माणसं दरवाज्यात उभी पाहिजेत. एकोणीस भरली की किल्ला गेला, रांगेतल्या पुढच्या गिल्डकडे.

अडतीसचे वीस कसे झाले, हे साहेबांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. सात वाजता हजेरी. सात-पाचला लेटमार्क. तीन लेटमार्कला एक ताकीद. रजा पाहिजे तर आदल्या दिवशी अर्ज. विनाअर्ज सलग तीन दिवस गैरहजर राहिला, तर संगणक आपोआप नाव कापणार. ही सोय साहेबांनी स्वतः हौसेने लावून घेतली होती, कारण संगणकाला कोणी मस्का लावू शकत नाही. आणि सोडून जायचंच असेल तर अकरा प्रश्नांचा फॉर्म भरून जा. एकदा एक गडी ऐन लढाईतून गायब झाला, तर साहेबांनी त्याला 'कारणे दाखवा' धाडली. त्याने उत्तर दिलं, 'वीज गेली.' साहेबांनी शेरा मारला, 'कारण असमाधानकारक.'

तर आता उरले एकोणीस. आणि उद्या रविवार.

साहेबांनी हेडफोन काढला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. बायको शाळेच्या वह्या तपासत होती.

"एक काम होतं. उद्या सहाला पाच मिनिटं माझ्या गिल्डमध्ये येशील?"

"मी? घरात बादली भरायची वेळसुद्धा तू भिंतीवर चिकटवलीयेस. आता तिथेही येऊ लेटमार्क खायला?"

"काही करायचं नाही गं. फक्त उभं राहायचं."

"मग आईला घे," वहीवरून नजर न उचलता ती म्हणाली, "तिला उभं राहता येत नाही म्हणून नुसती कुढत बसलीये."

सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या आणि पाय प्लॅस्टरमध्ये घालून महिनाभरासाठी लेकीकडे मुक्कामाला होत्या. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. निवृत्त झाल्यापासून त्यांना बोलायला माणूस पुरत नव्हता. साहेब त्यांच्या खोलीत शक्यतो जात नसत, कारण गेलं की पाऊण तास जायचा.

"आई, तुम्ही फक्त उभ्या राहा. काही करायचं नाही."

"एवढंच ना जावईबापू? आणा तो हेडफोन."

रविवारी सहाला पाच मिनिटं असताना, लेकीच्या लॅपटॉपवरून, विसावा शिपाई म्हणून त्या किल्ल्याच्या दरवाज्यात उभ्या राहिल्या. खेळातलं नाव त्यांनी घेतलं 'ऑपरेटर'. हेडफोन कानावर चढताच त्यांची पाठ आपोआप ताठ झाली आणि एकतीस वर्षांच्या सवयीने तोंडातून शब्द आला, "बोला."

गिल्डमधले सगळे जागच्या जागी थबकले. 'बोला' असं त्यांना सहा वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.

"कोण बोलतंय?" एकाने दबकत विचारलं.

"ऑपरेटर. आपण कोण?"

"ज्वालामुखी."

"बरं. आवाज बसलाय तुमचा, ज्वालामुखी. सर्दी झालीये का?"

ज्वालामुखी एका गोदामावर पहारेकरी होता आणि त्याला चार दिवस सर्दी होती. त्याला भरून आलं. 'अजिंक्य तलवार' मध्येच म्हणाली की वाफ घे, मी नर्स आहे. हा अजिंक्य गडी मुळात बाई आहे, हे साहेबांना त्या क्षणी कळलं. हजेरीला ती 'हजर' टाइप करायची, म्हणून चार वर्षं ते तिला 'अहो अजिंक्यराव' म्हणत होते आणि तिने एकदाही दुरुस्त केलं नव्हतं. तसा रकाना फॉर्ममध्ये नव्हता.

किल्ला वाचला. आता सासूबाईंना रजा द्यायची, असं साहेबांनी ठरवलं; पण सोमवारी साडेसहालाच आतल्या खोलीतून आवाज आला, "बोला!"

आठवड्याभरात सासूबाईंनी, म्हणजे आता सगळ्यांच्या मावशींनी, गिल्डचं एक्स्चेंज करून टाकलं. कोणाची बहीण बाळंत होणार, कोणाचा साहेब खडूस, कोण एकटा राहतो आणि रात्री नुसती बिस्किटं खाऊन झोपतो, सगळं त्यांच्याकडे. आणि त्या नुसतं ऐकून घेत नसत, जोडून देत असत. "ज्वालामुखी, तुमच्या पुतण्याला नोकरी पाहिजे ना? थांबा, तलवारबाईंच्या दवाखान्यात जागा आहे. लाइनवर राहा." माणसं आपापले मित्र घेऊन यायला लागली. पळालेला उपसेनापती परत आला. पंधरा दिवसांत गिल्ड एकेचाळीसवर गेलं, आणि सातची हजेरी असताना पावणेसातलाच सगळे दरवाज्यात घोळका करून उभे. बावीस वर्षांत साहेबांच्या कुठल्याही हजेरीला माणसं वेळेआधी आली नव्हती.

खरं तर साहेबांनी खूश व्हायला पाहिजे होतं. झाले नाहीत.

"आक्रमण करा!" ते ओरडायचे.

"एक मिनिट साहेब," ज्वालामुखी म्हणायचा, "मावशी सांगतायत, बिस्किटवाल्याला स्वयंपाक शिकवायचाय."

साहेबांनी नवा नियम काढला. मावशींशी बोलण्याची वेळ : सात पन्नास ते आठ. सगळ्यांनी 'हो साहेब' म्हटलं आणि कोणी पाळला नाही. सासूबाईंनी तर वाचलाच नाही, कारण त्या बोलत होत्या.

तिसऱ्या आठवड्यात प्लॅस्टर काढायला गेले, तर डॉक्टर म्हणाले की हाड नीट सांधलेलं नाही, तीन दिवस ठेवून घेतो. साहेबांनी जावयाचं कर्तव्य कुठे कमी पडू दिलं नाही. कागद भरले, औषधं आणली, संध्याकाळ झाली की सासूबाईंच्या उशाशी बसून गोळ्यांच्या वेळा वहीत लिहिल्या. स्वतःच्या गैरहजेरीचा अर्ज त्यांनी पहिल्याच दिवशी गिल्डच्या सेनापतीकडे, म्हणजे स्वतःकडे, केला होता. आणि कौटुंबिक अडचण लक्षात घेऊन सहानुभूतीपूर्वक मंजूरही केला होता.

चौथ्या दिवशी सासूबाई घरी आल्या, उशीला टेकल्या, हेडफोन लावला. पडद्यावर एक ओळ होती : 'ऑपरेटर यांना सलग तीन दिवस विनाअर्ज गैरहजर राहिल्याबद्दल कमी करण्यात आले आहे. – सेनापती.'

बायको तो लॅपटॉप घेऊन बाहेरच्या खोलीत आली.

"हे काय आहे?"

"संगणकाने केलं. आपोआप होतं ते."

"अरे, आईला दवाखान्यात कोण घेऊन गेलं?"

"मी."

"तीन दिवस तिच्या उशाशी कोण बसलं होतं?"

"मीच. पण अर्ज कुठे आहे?"

बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू लग्नाचा फॉर्म आपण न वाचता भरला हे तिला आत्ता कळलं असावं. "एक बटण दाबून परत घेता येतं ना तिला?"

येत होतं. साहेबांचं बोट बटणावर जाऊनही आलं. पण गेले पंधरा दिवस 'सेनापती' या शब्दाकडे कोणी ढुंकून बघितलं नव्हतं, आणि आज पहिल्यांदा एकोणचाळीस माणसं त्यांच्याचकडे बघत होती. विनवत होती. सात वाजता ज्वालामुखी म्हणाला, "साहेब, हात जोडतो, मावशींना घ्या परत." तलवारबाई म्हणाल्या, "हाड मोडलंय हो त्यांचं!" साहेबांना मानेत एक गोड ताठा जाणवला.

"मागच्या तारखेचा अर्ज चालत नाही," ते म्हणाले. "नव्याने भरती होता येईल. एक महिना उमेदवारी."

मग पडद्याच्या कोपऱ्यात फॉर्म यायला लागले. एक. चार. नऊ. या खेपेला सगळ्यांनी शिस्तीत भरले. अकराही प्रश्नांसमोर एकच उत्तर होतं : 'मावशी.' उपसेनापतीने तर मागच्या वेळचा राहिलेला फॉर्मही भरला.

रविवारी सहाला साहेब किल्ल्याच्या दरवाज्यात एकटे उभे होते. त्यांनी हजेरी घेतली. एक हजर. सहा वाजून एका मिनिटाने दरवाजा करकरत उघडला, वरची सोनेरी अक्षरं एकेक करून गळाली आणि खालून चाळीस जणांची वरात गाणी म्हणत वर आली. रांगेतलं पुढचं गिल्ड, नाव 'एक्स्चेंज'. पुढे ऑपरेटर. दरवाज्यावर नवी अक्षरं उमटली : 'बोला'.

साहेब तरातरा आतल्या खोलीत गेले. सासूबाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या.

"आई, तुम्ही माझा किल्ला घेतलात."

"मी कुठे हो जावईबापू? पोरं म्हणाली, मावशी, तुम्ही फक्त उभ्या राहा. काही करायचं नाही."

साहेबांनी तीन दिवस लॅपटॉप उघडला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी 'एक्स्चेंज'मध्ये भरतीसाठी अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, सहा वर्षांचा अनुभव, जोडलेली कागदपत्रं. भिंतीपलीकडून तो लगेच वाचल्याचं कळलं.

"एवढं काय लिहिलंय? या की सरळ आत! चहा पिताना नुसतं सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

नव्या गिल्डमध्ये सगळे शिपाई होते. साहेबही. लोक त्यांच्याशी चांगलंच वागले, आणि तेच जास्त लागलं. ज्वालामुखीने तर 'साहेब, इकडे सावलीत उभे राहा' असंही म्हटलं. साहेब पहिल्या दिवशी सातला एक मिनिट कमी असताना पोचले आणि आपलं नाव पुकारायची वाट बघत राहिले. पुकारलं नाही. इथे हजेरीच घेत नव्हते. कोणी केव्हाही येत होतं, मावशी "बोला" म्हणत होत्या, बोलणं चालू.

मग साहेबांच्या डोक्यात आलं की आपण गेलोच नाही तर? चार दिवस दांडी मारली तर कोणी तरी विचारेल. बिस्किटवाला एक संध्याकाळ आला नव्हता, तर मावशींनी तीन माणसं लावून त्याचा ठावठिकाणा काढला होता. साहेब सात वाजता बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसायला लागले आणि भिंतीला कान लावायला लागले. आत हसणं चालायचं. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम मोठ्याने खोकून बघितलं.

"ज्वालामुखी, एक मिनिट हं," आतून आवाज आला. "अगं, त्यांना जरा पाणी दे."

चौथ्या दिवशी जेवताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "काय आई, आज कोण कोण होतं?"

"सगळे होते," घास चावत सासूबाई म्हणाल्या.

"सगळे?"

"सगळे. आता एकही जण गळत नाही बघा."

"आणि... मी?"

"तुम्ही काय, तुम्ही तर रोज समोरच असता," असं म्हणून त्यांनी भाजीचं भांडं पुढे सरकवलं. "घ्या."

जेवण झाल्यावर साहेबांनी कपाटातून पोलादी मुठीची जुनी वही काढली. आडव्या रेघा, उभे रकाने, सगळं जागच्या जागी होतं. नवीन पानावर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि त्यापुढच्या चार रकान्यांत, लाल शाईने, चार वेळा 'गैरहजर' असं भरलं. कुठेतरी नोंद तर पाहिजे.

मग थोडा विचार करून त्यांनी शेजारी शेरा मारला : 'विनाअर्ज.'