कॉलेजचं स्थळ

आश्रुबाने दोन जीप भरून माणसं न्यायला काढली, तेव्हा त्याच्या लेकीने, शिवकन्येने, कपाळाला हात लावला. "अण्णा, मुलाखतीला एका पालकाला बोलावलंय. वऱ्हाड न्हाई."

"ठिकाण बघायला एकट्यानं जातेत व्हय?" आश्रुबा म्हणाला.

दोन पोरांची लग्नं जमवल्यापासून स्थळ पारखण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही, अशी त्याची खात्री होती. शिवकन्येला मात्र नाद होता गवताचा. शिरूर कासारच्या माळावरची कुसळी, पवना, मारवेल अशी एकसष्ट गवतं तिने जुन्या वह्यांत दाबून ठेवली होती. नेकनूरच्या पुढे गवतच शिकवणारं एक छोटं कॉलेज आहे, जागा फक्त चोवीस, हे तिने स्वतःच शोधून काढलं. चारशे अर्जांतून तिला बोलावणं आलं आणि तेव्हापासून पोरीला जेवण गोड लागेना.

कॉलेज दिसताच आश्रुबाने अलीकडच्या चहाच्या टपरीवर दोन्ही जीप थांबवल्या. चौकशी आधी बाहेरून करायची असते.

"माणसं कशी हायत? भांडनं, प्यायची सवय?"

"कुनाची?" चहावाला गोंधळला.

"कॉलेजची की!"

"माणसं चांगली हायत. पन दिवसभर उन्हात वाकून गवत बघतेत."

आश्रुबाचा मेव्हणा राधाकिशन याने गंभीरपणे मान हलवली.

आश्रुबाची बायको बायनाबाई आणि बाकीचं वऱ्हाड जीपमध्येच थांबलं. आश्रुबा आणि राधाकिशन शिवकन्येबरोबर आत गेले. प्राचार्य मॅडम अर्धा तास तिच्या वह्या चाळत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एकच जागा उरलीय. ती आम्ही शिवकन्येला देतोय."

शिवकन्येचे डोळे भरून आले. आश्रुबालाही आनंद झाला, अगदी मनापासून. पण पहिल्याच बैठकीत होकार देणं म्हणजे उतावळेपणा. त्याने मिशीवरून हात फिरवला. "ठिकाण चांगलं हाय. घरी इचार करून दोन दिसांत कळवतो."

मॅडमनी दाराकडे बोट दाखवलं. "अहो, प्रतीक्षा यादीतले अकरा जण बाहेर बसलेत!"

"बसू द्या की," राधाकिशनने जोर लावला. "आमाला अजून दोन ठिकाणं बघायचीत."

दुसरं ठिकाण कुठलंच नव्हतं. मॅडमनी यादी पुढे ओढली. "ठीक आहे. मग पुढच्या मुलाला बोलावते."

आश्रुबा कोंडीत सापडला. शब्द मागे घ्यावा तर मेव्हण्यादेखत इज्जत जाणार, न घ्यावा तर लेकीची जागा. दोन सोयरिकी जमवलेला माणूस नुसताच टोपी काढून पुन्हा घालू लागला.

"मॅडम," शिवकन्या म्हणाली, "मला अठरा पूर्ण झालेत. माझी सही चालंल ना?"

"तुझीच तर लागते."

तिने टेबलावरचं पेन उचललं आणि बापाकडे न बघता प्रवेशाच्या अर्जावर सही ठोकली. आश्रुबाचा जीव भांड्यात पडला.

"पोरगीच ऐकंना, आता काय करता?" तो राधाकिशनला म्हणाला, पण बाहेर येईपर्यंत त्याची छाती चांगलीच फुगली होती.

"काय झालं हो?" बायनाबाईने जीपमधून विचारलं.

"तुझ्या लेकीनं मला न इचारताच ठिकाण पसंत केलं!"

"बरं केलं. माझ्या येळंला मला कुठं कुनी इचारलं होतं?"

आश्रुबा आज भलताच खुशीत होता. "अन् इचारलं असतं तर?"

बायनाबाईने पदर नीट केला. "तुमच्या घरी पानी किती लांबून आनावं लागतंय, ते आधी बघून आले असते."