अनंता मापाड्याची परमुलखातली चढाई

तुम्हीच सांगा मंडळी, माणसाने भरवसा ठेवायचा कुणावर? पाठीवर थाप मारून "काय घाबरतोस, मी हाय ना" म्हणणाऱ्या दोस्तावर, की डोळ्यांना पदर लावून "मला हे बरं दिसत नाय" म्हणणाऱ्या बायकोवर? आम्ही दुकानदार माणसं. दोघांशीही गोड बोलतो आणि भरवसा तराजूवर ठेवतो. पण शहापूरच्या बाजारातला अनंता मापाडी भोळा. त्याने एकाच वेळी दोघांवरही भरवसा ठेवला आणि जाऊन अडकला तो थेट परमुलखात!

अडतीस सालची गोष्ट. अनंता आमच्या बाजारात भात मोजायचा. मापाड्याचं काम पाहिलंय ना? पायली भरायची, ओतायची आणि तोंडाने मोठ्याने मोजायचं. त्यात 'एक' कधी म्हणायचं नाही; पहिल्या पायलीला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. अनंताचा दम असा दांडगा की मध्ये श्वास न घेता तो ढिगाचा तळ गाठायचा. (शेतकरी म्हणायचे, हा श्वास घेईल तेव्हा आमी तमाखू मळू. पुष्कळांची तमाखू तशीच राहायची.) बाकी माणूस भित्रा. मांजर आडवं गेलं की घरी परत, पाल चुकचुकली की जेवण बंद.

मुरबाडचा चंदर त्या दिवशी हिरड्यांची गोणी घेऊन बाजारात आला होता. चंदर म्हणजे हुतूतूचा नावाजलेला गडी आणि अनंताचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याने ते मोजणं ऐकलं आणि गोणी तिथेच टाकली.

"अन्या, हा दम हाय का लोहाराचा भाता? चल माझ्यासंगं. दमणला सामने भरल्येत. आमचा राखीव गडी तापानं पडलाय."

"मी? मला कुठं खेळता येतंय?"

"खेळायला कोन सांगतंय? राखीव गडी नुसता कपडे राखतो. जेवन फुकट, गाडीभाडं फुकट."

आता खरं सांगायचं तर अनंताला त्याच आठवड्यात शेणव्याला सासऱ्याचं छप्पर शाकारायला जायचं होतं, आणि छपराच्या उंचीने त्याला भोवळ यायची. त्याने विचार केला, छपरावर चढण्यापेक्षा कपडे राखलेले बरे. म्हणाला, "येतो." एवढाच काय तो गुन्हा.

दमण पोर्तुगीजांच्या मुलखात आहे, हे त्याला त्या संध्याकाळी कळलं.

"फिरंग्याच्या राज्यात?" देवकीच्या हातातली भाकर तव्यावर उलटी पडली. "अवो, ते आपलं राज नाय! तिथं तुमाला धरलं तर सोडवायला कोन येल? पाटील येल का मामलेदार येल?"

"चंदर हाय ना संगती."

"तो हाय म्हनूनच भ्या वाटतं मला!"

रात्रभर दोघंही जागी. पहाटे देवकीने एक जुनं लुगडं फाडून दोघा दोस्तांची दोन गाठोडी बांधली. अनंताच्या गाठोड्यात भाकऱ्या, लसणीची चटणी, आणि तळाशी एक नारळ, शेंदराची पुडी आणि तेलाची बाटली.

"आयका," ती म्हणाली. "आपल्या शिवंवर आपला देव बसलाय, तो आपल्याला वळखतो. दुसऱ्याच्या शिवंवर दुसऱ्याचा देव. त्याला मान न देता पुढं पाय टाकलात तर तो मागं लागंल. शीव दिसली का आधी नारळ फोडा. आनि उभे जाताय तसे उभे घरी या. मला दुसरं काय नको."

आमच्याकडे ही रीतच आहे. नवरीची गाडी असो की नवा बैल असो, गावाची शीव ओलांडताना देवाला नारळ हा द्यायचाच. अनंताने मान हलवली.

बाकीचा संघ आदल्या दिवशीच पुढे गेला होता. हे दोघे आसनगावला गाडीत बसले, दादरला गाडी बदलली. वाटेत चंदरने दोस्ताला धीर द्यायचं काम चालू केलं. चंदरचा धीर असा, की ऐकणाऱ्याने गाडीतून उडी टाकावी.

"फिरंगी मानूस तसा चांगला. नुसतं वाकडं वागायचं नाय त्याच्याशी."

"वागलं तर?"

"तर बोटीत घालतो."

"आनि?"

"आनि काय? बोट आफ्रिकेला जाते."

"मग परत कदी येते?"

"बोट येते रे परत," चंदर भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला. "मानसाचं काय मला ठावं नाय."

अनंताने हातातली भाकरी परत गाठोड्यात ठेवली.

वापीला उतरून ते चालत निघाले. दुपार टळली होती. रस्त्यावर आडवा बांबू दिसला. बाजूला कौलारू चौकी, दोन-तीन शिपाई, आणि बांबूपलीकडे गवतात उभा एक जुनाट दगड. त्यावर मुकुटासारखं काहीतरी कोरलेलं. चंदर आपला पुढे होऊन शिपायांना "सामने, सामने" असं समजावत बसला. अनंताची नजर दगडावर खिळली.

आणि मंडळी, त्याला देवकीचं बोलणं आठवलं. केवढ्या मोठ्या राज्याच्या शिवेचा हा देव! आणि त्याच्या अंगावर तेलाचा थेंब नाही, शेंदराचं बोट नाही. कितीक वर्षांचा उपाशी असेल! असा उपाशी देव पहिल्याच भेटीत माणसाला सोडेल?

तो हळूच बांबूखालून वाकून गेला. बाटलीतलं तेल दगडावर ओतलं, शेंदराची अख्खी पुडी चोपडली. मुकुट लालभडक झाला. "देवा, आमी गरीब मानसं, खेळायला आलोत, सांभाळून घे," म्हणाला आणि त्याच दगडावर दाणकन नारळ फोडला.

शिट्टी वाजली. दुसरी वाजली. बंदूक सावरत एक शिपाई धावत आला. आगुस्तीन त्याचं नाव, मूळचा गोव्याकडचा. "कितें केलें रे तुवें हें? सरकाराचो फातर तो!"

अनंताच्या हातात नारळाची अर्धी वाटी, अंगावर पाणी, बोटं शेंदराने लाल. त्याने चंदरकडे बोट दाखवलं.

"हा?" चंदर दोन पावलं बाजूला सरकून म्हणाला. "हा मानूस कोन? आमची काय वळख नाय."

पण दोघांची गाठोडी एकच लुगडं फाडून बांधलेली होती. आगुस्तीनने दोघांनाही धरून चौकीसमोर बसवलं.

आतून साहेब आला. झोपेतून उठलेला, मिशा एका बाजूला चपटलेल्या. त्याने रंगलेला दगड पाहिला, मग अनंताला पाहिलं, मग पुन्हा दगड पाहिला. काहीतरी बोलला. अनंताला त्यात नक्की 'आफ्रिका' ऐकू आलं. (साहेब पाणी मागत होता, हे मागून कळलं.) त्याच्या डोळ्यांपुढे बोट उभी राहिली, आणि किनाऱ्यावर हात पसरून रडणारी देवकी. शहापूरला समुद्र नाही, हेही त्याला त्या घटकेला आठवेना.

"साहेब पुसता," आगुस्तीन म्हणाला, "तुमी कोण?"

"खेळगडी!" चंदर हात जोडून म्हणाला. (आता ओळख पटली होती.) "हुतूतू!"

चेंडू नाही, बॅट नाही, जाळी नाही. हा कसला खेळ? साहेबाला पटेना. तो खुर्चीत बसला आणि हाताने खूण केली: दाखवा.

चंदरने इकडेतिकडे पाहिलं. सपाट जागा एकच, बांबूखालची. त्याने तिथेच मातीत पायाने रेघ ओढली. म्हणजे इकडे इंग्रजांचा मुलूख, तिकडे फिरंग्यांचा, आणि मधली रेघ म्हणजे साक्षात दोन राज्यांची हद्द. पलीकडे आगुस्तीन आणि दोन शिपाई उभे केले. अनंताचा सदरा काढला, धोतराचा काचा मारला आणि त्याला इंग्रजांच्या बाजूला ढकललं.

"तू चढाई कर ना," अनंता रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मला साहेबाला समजवायचंय. नीट खेळ हां. पटलं नाय तर तुझी बोट सुटली समज."

"आनि तू?"

"मी येन ना. धक्क्यापरेंत."

तुम्ही म्हणाल, इंग्रजांच्या हद्दीत उभा केला होता, तर तेव्हाच का नाही पळाला? अहो, भ्यालेल्या माणसाला सांगितलेलंच सुचतं. त्याने छाती भरून दम घेतला आणि रेघ ओलांडली. हुतूतू म्हणायचं हे तो साफ विसरला. तोंडातून आलं ते रोजच्या सवयीचं.

"लाभ, दोन, तीन, चार..."

पहिल्या शिपायाला तो जाऊन आदळलाच. त्याला चुकवताना पाय घसरला आणि दुसऱ्याच्या पोटरीला हात लागला. तिसरा आगुस्तीन. तो दोन्ही हात पसरून पुढे आला, आणि अनंताने डोळे मिटून त्याच्या बगलेखालून मुसंडी मारली. साहेब खुर्चीतून उठून टाळ्या पिटायला लागला.

अनंता वळला. मोजत मोजत रेघ ओलांडून आपल्या बाजूला आला. इथे चढाई संपते. इथे गडी थांबतो.

अनंता थांबला नाही.

मागून "अरे राव! राव रे!" अशी आरोळी आली. (गोव्याकडे 'राव' म्हणजे थांब.) वळून पाहिलं तर आगुस्तीन धावतोय! अनंताला वाटलं, आता पकड. तो काट्याकुट्यांतून, बांधांवरून, गाडीवाटेने पळत सुटला, तोंडाने मोजणं चालूच. वाटेतल्या गाडीवानांनी वापीत सांगितलं की एक उघडा माणूस आकडे म्हणत गेला. कुणाच्या तरी गाई हरवल्या असाव्यात.

तिसऱ्या दिवशी अनंता, कुणीतरी दिलेलं गोणपाट पांघरून, शहापुरात पोचला. देवकीने त्याला अंगणातच चाचपून पाहिलं, हात, पाय, कान. सगळं जागेवर होतं. तेव्हा ती रडली, आणि मग हसली.

"आनि खेळलात?"

"खेळलो तर! फिरंग्याच्या राज्यात शिरून तीन शिपाई बाद केले, आनि दम न तोडता परत आलो."

यात खोटं काही नव्हतं. देवकीने ते पाणवठ्यावर धोंडीबाईला सांगितलं, धोंडीबाईने बाजाराला सांगितलं. आम्ही बाजाराने अनंताला हार घातला, पेढे वाटले, आणि माझ्याच दुकानापुढे मीच भाषणही केलं. देवकी नवं लुगडं नेसून पुढे बसली होती.

भाषण चालू असतानाच चंदर आला. सामने जिंकून, डोक्याला फेटा, हातात अनंताचं गाठोडं.

"अन्या! काय पळालास रे! तो बिचारा शिपाई तुझा सदरा द्यायला धावत व्हता. साहेब तर तुझ्यावर खूश. नारळाचं खोबरं खाल्लं त्यानं बसून. म्हनाला, दगड आता बरा दिसतो."

देवकी उठून उभी राहिली.

"भावजी, तीन शिपाई बाद केले ते तरी खरं का नाय?"

चंदर मैत्रीत कसाही असो, खेळात चोख माणूस. त्याने डोक्यावरचा फेटा काढला.

"हात लागला खरा, वैनी. पन चढाईला हुतूतू म्हनायला लागतं. हा तर भात मोजत व्हता. शब्द चुकला का चढनारा गडीच बाद."

"आनि आत किती गेले व्हते?"

"आत? तुमच्या चुलीपासून उंबऱ्यापरेंत."

देवकीने पदर खोचला, तडक घरी गेली आणि आतून कडी लावली.

मंडळी, मुरबाडात अजून सांगतात, अनंताने फिरंग्याचे तीन शिपाई मारले. डोळखांबकडे गोष्ट पोचेपर्यंत त्यांचे सात झाले, आणि एका ठिकाणी मी साहेबालाही बाद झालेला ऐकलाय. लोकांचं तोंड कोण धरणार? तुम्हाला मात्र हात जोडून विनंती आहे, हिशेब खरा ठेवा: त्यांच्या बाजूचा बाद कोणीही नाही, आपल्या बाजूचा बाद एक, आणि तो पुढच्या अमावास्येपर्यंत ओटीवरच बसून होता, कारण देवकी काही त्याला आत घेईना.