चेंबरमधला जांभळा दिवा

असोद्यात येऊन कोणालाही विचारा, सुगंधा अक्काचा शब्द कोणी मोडलाय का? दूधवाला मोडत नाही, पोलीस पाटील मोडत नाही, आणि माझा मुलगा हितेंद्र तर जांभई द्यायच्या आधी माझ्याकडे बघतो! शाळेत मी तिसरीपर्यंत गेले. चौथीत काय शिकवतात ते मला आजही माहीत नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही. तेव्हा सून डॉक्टर आहे म्हणून सासू दबली असेल, असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी पुढचं वाचू नये. किंवा वाचाच. फजिती माझीच आहे, तुमचं काय जातं?

सून मोनाली, माहेर शिंदखेड्याचं. जळगावच्या दवाखान्यात कातडी, केस आणि नखं यांच्या आजारांचं मोठं शिक्षण घेते. एवढी शिकलेली बाई दिवसभर लोकांची नखं बघते, हे मला पटलंच नव्हतं. नखात बघायचं काय असतं? कापायची आणि टाकायची!

एका दुपारी मी तिच्या पिशवीत कंगवा शोधत होते. शोधतच होते, उचकत नव्हते! तर हाताला लागल्या कागदाच्या पुड्या. काळ्याकुट्ट कागदाच्या. एक उघडली. आत नखं! पिवळी, जाड, अमावस्येआधीच्या चंद्रकोरीसारखी. दुसरीत केस, मुळासकट उपटलेले. घरात चिटपाखरू नव्हतं, पंखा बंद होता, तरी ती पुडी माझ्या तळहातावर हळूच हलली. देवाशपथ हलली!

आमच्याकडे विंचरताना गळलेला केससुद्धा बाई बोटाला गुंडाळते, त्यावर थुंकते आणि मगच टाकते. नख मातीत पुरते. कारण ज्याच्या मुठीत तुमचं नख, त्याच्या मुठीत तुम्ही. आणि माझी सून गावोगावच्या माणसांना पिशवीत घालून फिरत होती!

ती घरी आली तेव्हा मी उंबऱ्यातच उभी होते, हातात मीठ-मिरच्या घेऊन.

"आई, अहो, नखाचा चुरा पांढरा असतो," ती हसत म्हणाली, "काळ्या कागदावर चटकन दिसतो. सगळे डॉक्टर असंच करतात."

मग तिचं हसू एकदम विझलं. केळी धुणाऱ्या बायांचे हात दिवसभर पाण्यात आणि चिकात असतात, नखं सडतात, त्यावर तिचा अभ्यास चालला होता. बाकी गावांतून नखं मिळाली, पण आपल्याच असोद्यात एक बाई नख द्यायला तयार नव्हती. तिच्या सरांनी सांगून ठेवलं होतं, मोठ्या केळीगावाची नखं नसतील तर सगळा अभ्यास बाद, पुन्हा पहिल्यापासून.

"रडू नको," मी म्हटलं. "गाव माझं आहे. रविवारी सगळ्या बाया तुझ्यापुढे हात पसरून बसतील. नाही बसल्या तर नाव बदलेन!"

दुसऱ्या दिवशी मी आमच्या पॅकिंगच्या शेडमध्ये गेले. बाया हौदात केळ्यांच्या फण्या धूत होत्या. त्यांची मुकादम कलाबाई. आमची दोघींची मैत्री अशी की भांडल्याशिवाय दोघींनाही जेवण जात नाही.

"कशाले पाहिजे व तुमच्या सुनेले आमचे नखं?" कलाबाईनं फणी हौदात आपटली. "सोन्याचे हायेत का?"

"तपासायला गं. तिच्याकडे एक जांभळा दिवा आहे. अंधारात हातावर धरते, बस."

"अंधारात?" एक म्हातारी पुटपुटली. "काळ्या पुड्या आणि अंधार? मी नाही येत, माय."

"मीबी नाही."

"मले तर घरीच काम शे!"

बघता बघता सगळ्यांना घरी काम निघालं! माझा शब्द हौदात बुडत होता, फुगे येत होते. आणि मग माझ्या जिभेला सुचलं. आमची म्हैस त्या दिवसांत अचानक दुधाला आटली होती, हे सगळ्या गावाला माहीत. मी आवाज एकदम खाली आणला.

"येऊ नका. पण तो दिवा साधा नाही. ज्या बाईनं कोणाचं वाईट केलं असेल, करणी केली असेल, तिचा हात त्याच्यात उजळतो. आमची म्हैस कोणी आटवली ते मला रविवारी कळेलच. आणि जी येणार नाही, तिचं तर न बघताच कळेल!"

शेडमध्ये नुसता नळ टपकत राहिला. सगळ्या बाया एकमेकींच्या हातांकडे बघत होत्या. कलाबाई तेवढी माझ्याकडे बघत होती.

"अक्का, मी नाही मानत असलं. पण ह्या मानतात. उद्या एखादीचा हात चमकला, तर तिले गाव जगू देईल का? तिच्या हातचं पाणी तरी पिईल का कोणी?"

"अगं, कोणाचा कशाला चमकेल? हात आहे का काजवा!"

कलाबाईनं उजवा अंगठा पदरात लपवला. तो सुजलेला होता, नख काळपट पडलेलं. ते मी बघितलं, आणि माझ्या मोठेपणात विसरूनही गेले.

रविवार उजाडला. मोनालीला पक्का अंधार हवा होता, म्हणून हितेंद्रनं आमचं केळी पिकवायचं चेंबर उघडून दिलं. पिकवायचा गॅस केव्हाच काढून टाकलेला, कोपऱ्यात पिकलेल्या केळ्यांचे क्रेट छतापर्यंत रचलेले. मोनालीच्या सरांना दाखवायला फोटो निघणार होते. मी ठेवणीतलं पांढरं पातळ काढलं, धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात दोनदा धुतलेलं. न्हाणीघरात जरा उशीर लागला. तिथं मी काय केलं ते विचारू नका. कळेलच.

दुपारी बाया आल्या. एकही मागे राहिली नाही! लग्नाला इतक्या वेळेवर कधी आल्या नव्हत्या. मी मोनालीकडे असं बघितलं जसं काही जिल्हा जिंकला.

चेंबरचं जाड दार धप्पकन बंद झालं. बाहेर असोद्याचं रणरणतं ऊन, आत थंडगार काळोख. असा काळोख की डोळे उघडे आहेत का मिटलेले, ते बोटांनी चाचपून बघावं. पिकलेल्या केळ्यांचा गोड, जड वास. कुठेतरी पंख्याची घरघर, आजारी माणसाच्या छातीसारखी. नुसत्या बांगड्या थरथरत होत्या.

मोनालीनं दिवा लावला. दिवा कसला तो! उजेड पडलाच नाही, काळोखच जांभळा झाला. त्यात माणसं दिसेनात, नुसते दात आणि डोळ्यांचे पांढरे गोळे दिसू लागले. हवेत तरंगणारे. मी मोनालीच्या पाठीमागे, त्या उजेडाबाहेर उभी होते.

"पुढे या, मावशी," मोनाली म्हणाली.

एक हात पुढे आला. काही नाही. दुसरा. काही नाही. प्रत्येक हाताबरोबर सगळ्या श्वास धरायच्या आणि सोडायच्या, जणू एकच मोठं जनावर श्वास घेत होतं.

"कलाबाई, तुम्ही."

"मले राहू दे."

"का व?" अंधारातून कोणीतरी म्हणालं. "तुलेच का राहू द्यायचं?"

कोणी ढकललं ते दिसलं नाही. कलाबाईचा हात दिव्याखाली आला, आणि तिच्या अंगठ्याचं नख पेटलं. हिरवं! पाण्याखालून मांजराचा डोळा बघावा तसं हिरवं. बाकी हात काळा, फक्त तेवढं नख जळत होतं.

बांगड्यासुद्धा थांबल्या. मग पायांचा आवाज आला, सरपटत मागे सरकणाऱ्या पायांचा. कलाबाईभोवतीची सगळी जागा रिकामी झाली.

"आई, बघा!" मोनाली आनंदानं म्हणाली. तिला बिचारीला माझी थाप माहीतच नव्हती. "नखात एक जंतू वाढला की असंच हिरवं चमकतं!"

म्हणजे आजारी हात खरंच उजळतो? मला वाटलं होतं दिवा म्हणजे दिवा!

"जंतू नाही," कुजबुज आली. "अक्कानं सांगितलं होतं."

"म्हैस हिनंच आटवली!"

काळोखातून कलाबाईचा आवाज आला. भांडायचा नव्हता तो. "अक्का, ऐकतीस ना व? तूच बोलली होतीस." इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदा तू म्हणाली.

"खोटं आहे ते!" असं ओरडत मी पुढे धावले. अंधारात धावू नये. माझा धक्का मोनालीला बसला, दिवा वर उडाला, आणि कोपऱ्यातली केळी निळी झाली! एक नाही, दोन नाही, छतापर्यंतची सगळी भिंत निळी झाली. प्रत्येक क्रेटमधून निळी बोटं बाहेर आलेली, मेलेल्या माणसांची असावीत तशी!

"ओ माय! हाई काय शे?" मोनालीच किंचाळली. डॉक्टर घाबरली की माहेरची बोली बाहेर पडते. आणि डॉक्टरच किंचाळल्यावर आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं?

बाया दाराकडे धावल्या. दार आतून उघडेना. कोणी देवाचं नाव घेत होती, कोणी नवऱ्याचं. मोनालीनं कसाबसा दिवा सावरला आणि वळवला, तो नेमका माझ्यावर.

मग जी किंकाळी उठली ती म्हणे बस स्टँडपर्यंत गेली. मला काही कळेना. मी खाली बघितलं. माझं पातळ निळं-पांढरं जळत होतं, जणू आत बाईच नाही. हात वर केले, तर हातही पिवळेजर्द.

"अक्काचं तोंड बघा! तोंड!"

"कला नाही व! अक्काच! अक्काच हाय ती!"

आता सांगते न्हाणीघरात काय केलं होतं. फोटो चांगला यावा म्हणून सुनेच्या डबीतलं व्हॅसलीन घेतलं, त्यात हळद कालवली आणि तोंडाला, मानेला, हातांना चोपडलं आणि वरचं पुसून टाकलं. आणि मी गावात कायम काय सांगत आले? की ह्या तोंडाला पाण्याशिवाय कधी काही लागलं नाही, हे तेज घराण्याचं आहे!

तिथं, त्या जांभळ्या काळोखात, माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. चेटकीण म्हणवून घ्यायचं का नटवी? खरं सांगते, क्षणभर मी विचार केला. चेटकिणीला निदान मान तरी असतो! पण दिव्याच्या टप्प्यात, सगळ्यांपासून लांब, कलाबाई एकटी उभी होती, पेटलेला अंगठा मुठीत दाबून. त्या मुठीतून हिरवं अजून झिरपत होतं.

"हळद आहे गं!" मी ओरडले. "हळद आणि व्हॅसलीन! फोटोसाठी लावलंय! आणि दिव्याचं ते मी बनवून सांगितलं, तुम्ही यावं म्हणून. करणी-बिरणी काही नाही!"

कोणी विश्वास ठेवेना. तेव्हा कलाबाईच पुढे आली, पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि माझा गाल असा घासला, जसं काही कढईचं बूड. अर्धं तोंड विझलं! अर्धं तसंच पेटलेलं. मोनाली सांगते, ते जास्तच भयंकर दिसत होतं.

पहिली हसली ती कलाबाई. मग बाकीच्या. हितेंद्रनं दार उघडलं तेव्हा आम्ही सगळ्या जमिनीवर लोळत होतो. त्याला वाटलं गॅस लागला!

पहिली काळी पुडी भरली माझ्या नखानं. तोवर कोणाचा हात पुढे येईना. नंतर मात्र रांग लागली, जिला तिला स्वतःचं काय चमकतं ते बघायचं होतं. पिकलेल्या केळाची साल त्या दिव्यात निळी दिसतेच, आणि धुण्याच्या पावडरीनं पांढरं कापडही उजळतं, असं मोनालीनं मोबाईलमध्ये शोधून सांगितलं. तरी मी अजून केळं उजेडात बघूनच सोलते. म्हैस गाभण निघाली, म्हणूनच आटली होती. कलाबाईचं नख औषधानं मुळापासून नवं येतंय, आणि तोवर तिला मी हौदात हात घालू देत नाही. ती हिशेबाच्या खुर्चीवर बसून सगळ्यांवर हुकूम सोडते, माझ्यावरसुद्धा.

गावात माझा शब्द आजही कोणी मोडत नाही. फक्त संध्याकाळी वीज गेली, की समोरच्या ओट्यावरून कलाबाईची हाक येते, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"अक्काऽऽ! लाईट गेली व! जरा बाहेर येऊन उभ्या राहा ना!"