प्लॉटवाले सबनीस

प्रिय ईरा आणि निहार,

एका उन्हाळ्यात आजी-आजोबा टोरांटोला तुमच्याकडे यायचं सोडून इंडोनेशियातल्या एका डोंगरावर का गेले, हे तुम्ही मला अनेकदा विचारलंय. दर वेळी मी "एका शेजाऱ्याचं काम होतं" म्हणून वेळ मारून नेली. आता ईरा नोकरीसाठी परगावी एकटी राहायला निघाली आहे. तेव्हा ते काम काय होतं, हे नीट पहिल्यापासून सांगते.

तो शेजारी म्हणजे सबनीस. जपानमधल्या इचिकावाच्या आमच्या इमारतीत आम्ही चौथ्या मजल्यावर आणि ते सातव्या. लिफ्टमध्ये भेटले, की आमचा मजला येईपर्यंत माणसाच्या नावावर इंडोनेशियात एक प्लॉट झालेला असायचा. नमस्कार नाही, हवापाण्याची चौकशी नाही. "वहिनी, तुम्हाला समुद्र दिसलेला आवडेल की डोंगर?" असा थेट प्रश्न. पहिल्यांदा मी गोंधळून डोंगर म्हणाले. दुसऱ्या दिवशी आजोबांना लिफ्टमध्येच कळलं, की त्यांना डोंगरासमोरची जागा मिळाली आहे आणि मागच्या बाजूला फणस आहे.

सबनीस तोयोसुच्या एका उंच इमारतीत संगणकाचं काम करत. त्याआधी काही वर्षं ते जावा बेटावरच्या एका कापडगिरणीत होते. तिथला त्यांचा सहकारी योसेफ याचं गाव फ्लोरेस नावाच्या बेटावर, अगदी आत डोंगरात. योसेफबरोबर एकदा सणाला म्हणून गेले आणि त्या गावानं त्यांना जे पछाडलं, ते कायमचं. मे महिन्यातल्या मोठ्या सुटीत बाकीची मंडळी क्योतोला जात, सबनीस त्या गावाला जात.

गावाचं वर्णन ते पुण्याच्या बिल्डरच्या थाटात करत. पाणी चोवीस तास. म्हणजे ओढा. वीज? "वहिनी, अंधार पडल्यावर झोपायचं असतं." जायचं कसं? विमान, मग बस, मग माल वाहणारा ट्रक, मग पायवाट. "शेवटचा टप्पा चालायचा आहे, त्यामुळे ट्रॅफिकचा प्रश्नच येत नाही." आणि प्रत्येक वर्णनाच्या शेवटी, बोट वर करून, "प्रॉस्पेक्ट उत्तम आहेत."

गावाशेजारी ज्वालामुखी होता, हे मात्र त्यांनी कुणी विचारल्याशिवाय कधी सांगितलं नाही.

एका गणेशोत्सवात तर त्यांनी कहर केला. आम्ही मराठी मंडळी वॉर्डातला एक हॉल भाड्यानं घेत असू. आरती झाली, मोदकांची ताटं समोर आली, आणि सबनीसांनी प्रोजेक्टर लावला. पडद्यावर गवताच्या उंच छपरांची बांबूची घरं, एक म्हैस, दोन डुकरं, पुन्हा तीच म्हैस. मुलं खूश, मोदक गार. आजोबा जन्मभर बँकेत कर्जाचे कागद तपासलेले. त्यांच्यानं राहवेना. त्यांनी विचारलं, टायटल क्लिअर आहे का, सातबारासारखं काही असतं का. सबनीस शांतपणे म्हणाले, की जमीन सगळी कुळाची असते, ती विकता येत नाही. परक्याला तर नाहीच नाही.

"म्हणजे सबनीस," आजोबा म्हणाले, "जी जमीन विकता येत नाही, ती तुम्ही घ्यायची नसलेल्या लोकांना विकताय."

हॉल हसला. सबनीसही हसले. पण प्रोजेक्टर गुंडाळताना वायर त्यांनी पुन्हा पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळली, हे मी पाहिलं.

आता भूकंपाचं सांगते. अकरा साली तो झाला तेव्हा तुम्ही फार लहान होता. गाड्या बंद पडल्या, सबनीस तोयोसुहून इचिकावापर्यंत पूल ओलांडत चालत आले. पुढच्या आठवड्यात आपली बहुतेक कुटुंबं भारतात निघून गेली. सबनीसांची बायको मेधा आणि मुलगी सईसुद्धा, पंधरा दिवसांसाठी म्हणून. आजोबांना बँकेनं थांबायला सांगितलं होतं, म्हणून मी थांबले. सबनीस थांबले ते किल्ल्यांसाठी. सगळ्यांनी आपापल्या घराच्या किल्ल्या त्यांच्याकडे दिल्या होत्या. रोज संध्याकाळी ते मजल्या-मजल्यावर जाऊन दुसऱ्यांच्या तुळशींना पाणी घालत. कुणाच्या फ्रिजमधलं सडकं काढून, जळणारा कचरा वेगळा आणि न जळणारा वेगळा करून, ज्याच्या त्याच्या वारी खाली नेऊन ठेवत.

काही मंडळी परत आली, काही आली नाहीत. सईला पुण्याच्या शाळेत प्रवेश मिळाला, मेधाला कॉलेजात नोकरी लागली. भांडण नव्हतं. दर रविवारी फोन होत असे. पण पंधरा दिवसांचं वर्ष झालं, वर्षाची तीन झाली, आणि मग कुणी तो विषय काढेनासं झालं.

लिफ्टमधलं प्लॉटवाटप सुरू झालं ते त्या सुमाराला. पूर्वी गाव नुसतं सांगायचे, आता तिथे माणसं वसवायला लागले. आम्ही त्याची थट्टा करायचो. भूकंपाला कंटाळून ज्वालामुखीच्या पायथ्याशी निघालेला माणूस! त्यांचं उत्तर ठरलेलं. तिथलं घर पडलं तर अंगावर बांबू आणि गवत पडतं, माणूस झटकून उठतो. नव्यानं आलेल्या जोडप्यांना ते गाठत, परत जाणाऱ्यांना स्टेशनवर निरोप देतानाही विचारून घेत. आपण पुण्या-मुंबईची माणसं. कुणी गावाचं आणि जमिनीचं नाव काढलं, की आपल्याला त्यात कमिशनच दिसतं. एकानं तर मला बाजूला घेऊन विचारलं, सबनीसांना एका प्लॉटमागे किती सुटतात.

खरं काय ते मला कचऱ्याच्या कट्ट्यावर कळलं. बाटल्यांचा वार होता. सबनीस माझ्या पिशवीतल्या बाटल्यांची झाकणं काढत होते, कारण माझं काम त्यांना कधी पसंत पडत नसे. मी सहज म्हटलं, भावोजी, आता पुरे करा, इथून तुमच्याबरोबर कुणी यायचं नाही. जायचंच असेल तर एकटे जा आणि बांधा घर.

"एकट्याला ते घर बांधू देत नाहीत, वहिनी."

मग त्यांनी सांगितलं. घर बांधायला सगळं गाव येतं. पण आधी गावातले वृद्ध विचारतात, तुझी माणसं कोण? पहिला खांब घरच्या वडीलधाऱ्यानं धरायचा, राबणाऱ्यांना घरच्या बाईनं वाढायचं. कारण उद्या हा माणूस आजारी पडला, मेला, तर निरोप कुणाला धाडायचा हे गावाला माहीत असावं लागतं. कुणी तिथे कायमचं राहायला हवं असं नाही. एकदा येऊन सगळ्यांसमोर सांगायचं, की हा आमचा आहे. मेधाला त्यांनी विचारलं होतं. ती म्हणाली, तुमच्या या खुळात मला ओढू नका.

"इथे घर भाड्यानं घ्यायला हमीदार लागतो, तर पैसे भरून हमीदार देणारी कंपनी आहे," सबनीस म्हणाले. "तिथे तशी कंपनी नाही." आणि माझ्या बाटलीचं लेबल सोलायला लागले.

म्हणजे इतकी वर्षं लिफ्टमध्ये ते प्लॉट देत नव्हते. एक होकार मागत होते.

मी घरी येऊन आजोबांना सगळं सांगितलं. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. कुणाला जामीन राहायचं नाही, हे त्यांचं व्रत. माझ्या सख्ख्या भावाच्या कर्जालाही ते जामीन राहिले नव्हते, आणि त्यावरून दोन दिवाळ्या आमचं माहेरी जाणं झालं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं, पेपर वाचला, जेवले. हात धुताना म्हणाले, "त्या ट्रकमध्ये बसायला जागा असते का, उभं राहावं लागतं, ते विचारून ठेव."

उभं राहावं लागलं. माझ्या एका बाजूला तांदळाचं पोतं आणि दुसऱ्या बाजूला बकरी. पायवाट संपली तिथे गाव लागलं. पडद्यावर पाहिलेलं अगदी तेच, म्हैससुद्धा तीच असावी. ओट्यावर पाच-सहा वृद्ध पान खात बसले होते. त्यांच्यातल्या एकानं आमच्याकडे पाहत सबनीसांना काहीतरी विचारलं. सबनीस खाली बघायला लागले.

"काय विचारताहेत?" आजोबांनी विचारलं.

"विचारताहेत, हे तुझे कोण."

"मग सांगा की."

"काय सांगू? शेजारी म्हणून चालणार नाही. आणि यांच्यासमोर खोटं बोलवत नाही."

आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली, शर्टाची बाही नीट केली. एखाद्या कागदावर सही करण्याआधी ते असंच करत.

"सांगा, थोरला भाऊ आहे. खोटं निघालं तर मी भरून देईन."

सबनीसांनी सांगितलं. म्हाताऱ्यांना ते पटलं असावं. त्यांनी आजोबांपुढे पानाचं तबक सरकवलं. तंबाखू न खाणाऱ्या तुमच्या आजोबांनी पान, सुपारी, चुना सगळं तोंडात घातलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत चघळलं. ते पाणी चुन्याचं होतं, असं त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांब उभा राहिला. आजोबांनी तो दोन्ही हातांनी धरला होता. मी त्या गावच्या बायकांच्या बरोबरीनं पंगतीला भात वाढला. त्यांची भाषा मला येत नव्हती, पण आग्रह करायला भाषा लागत नाही. सबनीस गवताचे भारे वाहत होते. प्रॉस्पेक्ट हा शब्द त्यांनी त्या दिवशी एकदाही उच्चारला नाही.

नंतर ते नोकरी सोडून तिथेच राहायला गेले. दुसऱ्या वर्षी सई सुटीत जाऊन आली, आणि तिच्यामागून मेधा.

आजोबांच्या जाण्याची बातमी मी योसेफच्या फोनवर कळवली. गावानं रीतीप्रमाणे सुतक पाळलं आणि धाकट्या भावाला, म्हणजे सबनीसांना, घराबाहेर पडू दिलं नाही. तीन वेळचं जेवण शेजारून येत होतं.

इचिकावाची ती इमारत आता पाडली आहे. तिथली माणसं पांगली, आजोबाही नाहीत. फ्लोरेसच्या डोंगरातलं ते घर उभं आहे, छपराचं गवत यंदा नवीन घातलं, आणि सबनीस त्यात राहतात.

तुमची,
आजी